ताईच्या आतड्यातले अडवलेले निरोप

अकोल्यात एप्रिल-मे महिन्यात माणसाला काहीही झालं तरी त्याचा आळ उन्हावर जातो. डोकं दुखलं, ऊन. दूध नासलं, ऊन. जावई रुसून बसला तरी कोणीतरी म्हणतंच, "उनीनं डोकं फिरलं असंन त्याचं." त्यामुळे माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे ताईला, शौचाच्या वेळी रक्त जाऊ लागलं तेव्हा आमच्या अख्ख्या खानदानानं एकमतानं निदान केलं: अंगात गरमी झाली. एरवी आमच्यात वांग्याच्या भाजीत शेंगदाणे घालावेत की नाही यावरसुद्धा एकमत होत नाही.

उपाय सुरू झाले. भाऊजींनी सब्जा आणला. शेजारणीनं धन्याचं पाणी सांगितलं. माझ्या बायकोनं अमरावतीहून गुलकंदाची बाटली पाठवली, ती द्यायला मीच गेलो. ताई म्हणाली, "काही नाही रे भाऊ, उनी लागली." मीही म्हणालो, "उनीच असंन." उन्हाळा गेला. पाऊस आला, तरी ताईचा उन्हाळा काही संपेना, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गुलकंद गेला.

मी विमा विकतो. लोक मला लांबून ओळखतात आणि गल्ली बदलतात. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचं पान सगळ्यात शेवटी भरतं. "उद्याचं काय सांगता येते?" या एका वाक्यावर मी घर बांधलं, लेकीला शिकवलं. असा मी, आणि सख्ख्या बहिणीच्या बाबतीत गुलकंदावर समाधानी.

लेक अमरावतीलाच विद्यापीठात संशोधन करते. ती नेमकं काय करते हे मला कोणी विचारू नये अशी माझी फार इच्छा असे. कोणी विचारलंच, की मी म्हणायचो, "ती कॅन्सरवर आहे." समोरच्याचा चेहरा पडायचा. "अरे बापरे, कधीपासून?" मग मला खुलासा करत बसावं लागायचं, की तिला नाही झालेला, ती त्याचा अभ्यास करते. मोठ्या आतड्याच्या गाठी, आणि त्या गाठींमधले कसलेसे बारीक धागे. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात एवढं मी पाठ केलं होतं, कारण विम्याच्या गिऱ्हाइकासमोर ते बरं वाटतं.

संक्रांतीला ती तिळगूळ द्यायला आत्याकडे गेली. दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, आत्याचे तळहात पाहिलेत तुम्ही? कागदासारखे पांढरे झालेत. जिना चढली तर धाप लागते तिला."

"वय झालं तिचं."

"बाबा, दोन वर्षं रक्त जातंय तिला. दोन वर्षं! मोठ्या आतड्याच्या गाठींवर माझा प्रबंध आहे. माझ्या सख्ख्या आत्याला दोन वर्षं रक्त जातंय, आणि मला कोणी सांगितलं नाही. काहून?"

लेक रागावली की तिची पुस्तकातली मराठी गळून पडते. खरं सांगायचं तर आमच्या लेखी तिचं आतडं वेगळं आणि ताईचं पोट वेगळं. तिचं ते विद्यापीठातलं, यंत्रातलं, इंग्रजीतलं. त्याचा आमच्या सब्जा-गुलकंदाशी काही संबंध असेल हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आठवडाभरात दुर्बिणीनं तपासणी झाली, तुकडा काढला, आणि अहवाल आला. कॅन्सर. अकोल्याच्या त्या दवाखान्याबाहेर रसवंतीची घंटी वाजत होती. भाऊजी म्हणाले, "रस घेतो काय?" मी म्हणालो, "घेऊ." आम्ही दोघांनी रस पिला, पैसे दिले, आणि भाऊजींच्या गाडीपाशी आल्यावर दोघांच्याही एकदम लक्षात आलं की आपण काय ऐकून आलो आहोत. भाऊजी मटकन गाडीच्या दारातच बसले.

भाऊजी निवृत्त शिक्षक. अकोटकडे त्यांची शेती आहे, आणि कोणत्याही गोष्टीचं साल त्यांना हवंच असतं. संध्याकाळी घरी त्यांनी लेकीला विचारलं, "हे कधीपासून असंन वं पोरी?"

"नेमकं नाही सांगता येत, फुवाजी. आधी आतड्याच्या अस्तरावर बारका कोंब येतो. तो साधा असतो. त्याचा असा कॅन्सर व्हायला कित्येक वर्षं लागतात. आठ, दहा सुद्धा."

भाऊजींनी मनात मागं मोजलं. मला दिसत होतं ते. "म्हणजे पोरीच्या लग्नात हे होतं?"

"कदाचित."

"आन् वावरात रोडग्यांचा कार्यक्रम केला तवा? हिनं पाच रोडगे खाल्ले होते."

"चार," पलंगावरून ताई म्हणाली. "आन् त्यातला एक तुमीच वाढला होता."

आम्ही हसलो. इतकी वर्षं ती आमच्यात नाचली, भांडली, पापड लाटले, आणि ते तिच्या आत निवांत वाढत होतं. कोणाला चाहूल नाही.

ताईचा प्रश्न वेगळा होता. ती म्हणाली, "कधीपासून ते राहू द्या. वाढली काहून थे? मी कोणाचं काय घोडं मारलं?"

लेक तिच्या पायाशी बसली. तिनं सांगितलं ते मी माझ्या कुवतीप्रमाणे लिहितो. पेशीच्या आत सगळ्या सूचना साठवलेल्या असतात. तिथून सारखे निरोप बाहेर जातात: हे बनवा, ते बनवा, आता वाढा, आता थांबा, तू बिघडलीस तर आता मर. निरोप वाचून काम होतं. हे मायक्रोआरएनए म्हणजे अगदी लहान धागे, ते स्वतः काहीच बनवत नाहीत. ते फक्त एखाद्या निरोपाला जाऊन चिकटतात, आणि तो निरोप वाचला जात नाही. चांगल्या पेशीत हेही गरजेचं असतं, नाहीतर नको तेवढं काम होईल. पण गाठीत यांतले काही धागे भसाभस वाढलेले सापडतात. आणि ते नेमके कोणते निरोप अडवतात? तर "थांब" म्हणणारे. दुसरे काही, जे वाढीला लगाम घालत होते, ते मात्र कमी झालेले असतात.

मला एकदम लग्नघर दिसलं. मी म्हणालो, "म्हणजे आचारी मागच्या अंगणात भाजी टाकून राहिला. मांडवातून निरोप निघाला, आता बस कर, लोक जेवले. पण मधल्या दारात एक काकू उभी आहे, ती निरोप मागं जाऊच देत नाही. आचारी आपला टाकतोच आहे."

"जवळजवळ बरोबर, बाबा," लेक म्हणाली. आयुष्यात प्रथमच तिनं मला तिच्या विषयात इतके गुण दिले. "फक्त अशा शेकडो काकू असतात. एक काकू दहा निरोप अडवते, आणि एकाच निरोपाला चार-चार काकू आडव्या येतात. शिवाय काही काकू त्या पेशींना घर सोडून जायलाही मदत करतात. मग त्या दुसरीकडे जाऊन बसतात."

"दुसरीकडे म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"आधी जवळच्या गाठींमध्ये. आतड्याभोवती चरबी असते, तिच्यात लहान लहान लसिका गाठी असतात, निरोगी माणसातही. कॅन्सर तिथं पोचला की नाही, हे ऑपरेशननंतर कळेल. सगळं त्यावर आहे."

सगळं त्यावर आहे, हे वाक्य तेव्हापासून घरात वस्तीला आलं. तिथं पोचला नसेल, तर ताई बहुतेक सुटली. पोचला असेल, तर औषधं, आणि तरीही परत यायची भीती.

लेकीच्या संशोधनासाठी ताईनं गाठीचा अंश द्यायला सही केली. त्यामुळे ठरलं असं, की ऑपरेशन अकोल्यात, पण काढलेला भाग तपासायला अमरावतीच्या डॉक्टरबाईंकडे, ज्यांच्यासोबत लेकीचं काम चालतं. काढलेला भाग अमरावतीला नेणार कोण? मी. आमच्याकडे लहान दवाखान्यांत हे असंच चालतं. माणूस आत, आणि त्याच्या पोटातून निघालेलं नातेवाईकाच्या हातात.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "एक मोठी बरणी आणा. रुंद तोंडाची."

मी बाजारात गेलो. आता माझा धंदा विम्याचा. मला प्रत्येक गोष्टीत सांडण्याची शक्यता आधी दिसते. रुंद तोंडाच्या बरण्या होत्या, पण त्यांची झाकणं मला पसंत पडेनात. सैल. बसमध्ये सांडलं तर? शेवटी एक जाड, देखणी बरणी मिळाली. पोट मोठं, गळा जरा अरुंद, झाकण दोन हातांनी आवळावं असं. दुकानदार म्हणाला, "उलटी करा साहेब, थेंब पडला तर पैसे वापस." मला वाटलं, काय खरेदी केली आपण!

दुपारी सर्जननी आम्हाला आत बोलावलं. ट्रेमध्ये ताईच्या आतड्याचा वीतभर तुकडा होता, चरबीसकट. त्यांनी तो कापून उघडला नव्हता, पण एके ठिकाणी बोटानं दाबून दाखवलं, "इथे." भाऊजींनी डोळे मिटले. मी पाहिलं. मला वाटलं होतं मला घेरी येईल. ती आली नाही, आणि याचाच मला धक्का बसला. मनात आलं ते इतकंच, की ताईचं हे अंग मी पाहायला नको होतं. ती डोक्यावरचा पदर सरकला तरी सावरते.

सिस्टर बरणी पाहून म्हणाली, "तोंड लहान आहे हो काका."

"पण झाकण पक्कं आहे," मी म्हणालो.

दुसरी बरणी आणायला वेळ नव्हता. तुकडा मऊ होता, गुंडाळून गळ्यातून आत गेला. वरून फॉर्मालिन, तुकडा टिकवायचा उग्र वासाचा द्राव, ओतला. मी झाकण आवळलं.

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी मांडीवर. मूर्तिजापूरला एक बाई चढल्या, शेजारी बसल्या, पिशवीकडे पाहत राहिल्या.

"लोणचं हाय काय भाऊ?"

"नाही."

"मंग इतकं जपून काय नेऊन राहिले?"

मी काय सांगणार? म्हणालो, "बहिणीनं दिलं."

"बहिणीचं जपलंच पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि बडनेऱ्यापर्यंत स्वतःच्या भावाला शिव्या देत राहिल्या. मी त्या पिशवीला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. काच कोमट लागत होती. फॉर्मालिनमुळे, उन्हामुळे, की माझ्याच हातांमुळे कोण जाणे, पण ती कोमट लागत होती, आणि मला पूर्ण रस्ताभर एकच कळत नव्हतं, की मी ताईला घेऊन चाललो आहे की ताईला मारणाऱ्याला.

अमरावतीत लेक लॅबच्या दारातच उभी होती. बरणी पाहून तिचा चेहरा बदलला. तिनं काही म्हटलं नाही, आत नेली. थोड्या वेळानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. ठेंगण्या, पिकलेल्या केसांच्या, आवाज मात्र तहसीलदाराचा.

"बरणी कोणी आणली?"

"मी."

"काय करता?"

"विमा."

"बरणीचा काढला का विमा? फोडावी लागणार आहे."

आत जाताना मऊ असलेला तुकडा त्या द्रावात ताठ झाला होता. आता तो त्या गळ्यातून बाहेर येईना. शेवटी त्यांच्या माणसानं काच कापायच्या करवतीनं बरणीचा गळा कापला. मी बाहेर बाकावर बसून तो आवाज ऐकला. करकर, करकर. थेंब न सांडणारी बरणी.

खरा धक्का आठवड्यानं बसला. अहवालात लिहिलं होतं: गाठ आतड्याच्या भिंतीतून बरीच खोल गेलेली, पण लसिका गाठी तपासल्या सात, सातही साफ. मी टाळी वाजवली. लेकीनं वाजवली नाही.

"सात कमी आहेत, बाबा. निदान डझनभर तरी पाहाव्या लागतात. सात साफ म्हणजे सगळ्या साफ असं म्हणता येत नाही."

"मग बाकीच्या कुठं गेल्या?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुकडा गुंडाळून बसला होता ना, द्राव आतल्या चरबीपर्यंत नीट पोचला नाही. अशा चरबीत त्या बारीक गाठी हाताला लागत नाहीत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दुकानदार, झाकण, दोन्ही हातांनी आवळणं. ताईचं सगळं ज्या एका गोष्टीवर होतं, ती गोष्ट मी बरणीच्या गळ्यात अडकवून आणली होती.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी ताईला समोर बसवून सांगितलं. जेवढं दिसलं तेवढं साफ आहे. पण दिसलं कमी. शंका धरून औषधं द्यायची, की लक्ष ठेवून थांबायचं, दोन्ही मार्ग आहेत. औषधांचा त्रास होतो. विचार करून सांगा.

ताई आणि भाऊजी अमरावतीला माझ्याकडे राहायला आले. दुपारी जेवताना ताईनं ताट बाजूला सारलं आणि लेकीला म्हणाली, "हे पाय. तुह्यापाशी माहा तुकडा हाय ना? त्यात त्या काकू मोज. जास्त निघाल्या तर मी सुया घेतो, कमी निघाल्या तर नाही. इतकं सोपं हाय."

"आत्या, तसं नाही होत."

"काहून नाही होत? तूच म्हटलं का त्या पेशीले घराबाहेर काहाडतात. मंग पाय ना किती हायेत."

भाऊजी म्हणाले, "पोरी, तुह्या शिक्षणाचा घरच्या माणसाले काही उपयोग हाय का नाही?"

मीही जोर लावला. माझ्या बरणीचा डाग धुवून काढायची ती एकच संधी मला दिसत होती. "बेटा, एकदा पाहा तर. कोणाला सांगू नको."

तिचे डोळे भरून आले. पण आवाज साधा राहिला. "आमच्याकडे आलेल्या तुकड्यांवर नाव नसतं, फक्त खूण असते. आणि समजा मी ओळखला, मोजला. काही धागे जास्त असले, तर पुष्कळ पेशंट एकत्र पाहिले की त्यांच्यात दुखणं परत यायचं प्रमाण जास्त दिसतं. दिसतं म्हणजे काही अभ्यासांत दिसतं, काहींत नाही. हे गर्दीचं सांगतं. आत्याचं एकटीचं नाही सांगत. अजून तरी नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमच्या विम्याच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, या वयाचे हजारात किती जातात. कोणतं गिऱ्हाईक, हे कधी सांगितलं तुम्ही कोणाला?"

पंचवीस वर्षं मी तो तक्ता खिशात घालून हिंडलो. त्याचं हे टोक माझ्याच अंगाला कधी लागलं नव्हतं. बायको म्हणाली, "ताक घ्या सगळे," आणि सगळ्यांनी घेतलं.

संध्याकाळी लेक न सांगता बाहेर गेली. ती गेली होती डॉक्टरबाईंकडे. आतड्याचा उरलेला भाग अजून त्यांच्याकडे ठेवलेला होता. ती म्हणाली, जे मला सांगता येत नाही ते राहू द्या, जे शोधता येतं ते परत शोधू. डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यांनीही तेच ठरवलं होतं. त्यांनी ती चरबी बारीक काप करून ताज्या द्रावात बुडवून ठेवली, आणि नंतर चिमटा-चिमटा करून बोटांनी पुन्हा चाचपली. यंत्र नाही, इंग्रजी नाही. बायका तांदूळ निवडतात तसं.

आणखी सहा गाठी सापडल्या. त्यांतली एक, ज्वारीच्या दाण्याएवढी, साफ नव्हती.

लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ओट्यावर बसलो होतो. पुढ्यात पोह्यांची बशी. मी म्हणालो, "बरं." तो माणूस सही करायला पेन मागत होता, मी त्याला चमचा दिला.

आता ताईला सांगायचं कसं? भाऊजींचं म्हणणं, सांगूच नका, ताकदीच्या सुया आहेत म्हणा. बायकोचं म्हणणं, जेवण झाल्यावर सांगा. यावर आमची स्वयंपाकघरात कुजबुज चालली असतानाच मागून आवाज आला, "निघाली वाटते एक."

ताई दारात उभी.

"किती मोठी?"

"ज्वारीएवढी," लेक म्हणाली.

ताईनं मोठा श्वास सोडला. मी तिला धरायला पुढं झालो, तर तिचा चेहरा हलका झालेला. "चला बाप्पा. आता विचार कराचं काम नाही. चार दिवसापासून झोप नाही मले, घेऊ का नको, घेऊ का नको. घेतो म्हणजे घेतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आन् तू तोंड काहून पाडून राहिला? तुह्या बरणीपायी ती परत पाह्याले लागली पोरगी. सातात सापडलं असतं तर ठीक, पण धा-बारा साफ निघाल्या असत्या तर कोणी परत पाह्यलं असतं काय?"

हे बरोबर आहे की नाही मी लेकीला विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. मला ते फार सोयीचं वाटलं, आणि सोयीच्या गोष्टीत विमा एजंटनं खोलात जाऊ नये.

औषधं सुरू झाली तेव्हा एप्रिल लागला होता. सलाइनमधून जायचं ते औषध असं, की त्यानंतर थंडाचा स्पर्श चालत नाही. बोटांना मुंग्या, काट्यासारख्या. घशात थंड पाणी गेलं तर घसा आवळून येतो. अकोल्याचा उन्हाळा, बाहेर डांबर पाघळतंय, आणि ताई गरम पाणी फुंकून पिते आहे. माठाजवळून जाताना ती माठाला शिव्या द्यायची. एकदा विसरून तिनं फ्रीजमधली कोथिंबीर काढली आणि किंचाळली. भाऊजी धावत आले. त्या दिवसापासून फ्रीजची किल्ली भाऊजींच्या जानव्याला. या वयात त्यांना भाजी निवडायला शिकावं लागलं, आणि ते मेथीच्या प्रत्येक काडीचं साल विचारतील अशा चेहऱ्यानं ती निवडत.

ताई बारीक झाली. दोनदा औषध पुढं ढकलावं लागलं. एकदा मला म्हणाली, "भाऊ, हे मरणापरीस वाईट हाय," आणि मी तिथंच, तिच्या पलंगाशी, लहान पोरासारखा रडलो. तिनंच मला गप्प केलं.

सगळे डोस संपले. पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, "सध्या काही नाही." ताईनं "सध्या" हा शब्द बरोबर पकडला.

परवाच्या दिवाळीत ती अमरावतीला आली होती. लेकीच्या कामाचे आकडे तोवर आले होते. कोणाचा तुकडा कोणता हे तिला माहीत नव्हतंच, पण सगळे मिळून चित्र दिसत होतं. ताई चिवडा खात तिच्या शेजारी बसली. मला वाटलं, आता पुन्हा तोच हट्ट. माझी कोणती, ओळख, सांग. मी कान देऊन बसलो.

"त्या काकू मोजल्या?"

"मोजल्या, आत्या."

"ज्यांच्यात भल्ल्या जास्त होत्या, त्यांचं काय झालं?"

लेकीला खोटं बोलता येत नाही, ते माझ्याकडून तिच्यात आलेलं नाही. "त्यांच्यात जास्त जणांचं परत आलं."

"जास्त जणांचं. सगळ्यांचं?"

"नाही. सगळ्यांचं नाही."

"म्हणजे काकू भरमसाट, आन् तरी बाई ठणठणीत, अशाही हायेत?"

"आहेत ना. बऱ्याच आहेत."

"बस," ताई म्हणाली. "मले इतकंच पाह्यजे होतं."

पंचवीस वर्षांत माझ्या तक्त्याला हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकानं विचारला नाही. सगळे विचारतात, किती मरतात. उरलेल्यांचं कोणीच विचारत नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही, कारण त्यावर पॉलिसी विकली जात नाही.

ज्यांच्यात काकू कमी होत्या आणि तरी ज्या गेल्या, अशाही बाया त्या चित्रात असणार. ते ताईनं विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही असं मला वाटत नाही. लेकीनं वाटीत थोडा चिवडा अजून घातला.

"कढीपत्ता कमी टाकला," ताई म्हणाली. "कोणी केला?"

"मी," मी म्हणालो.

"दिसतेच." तिनं वाटी माझ्यापुढं केली. "घाल अजून."